घडीकाराचे हजार करकोचे

समुद्रापलीकडच्या जपान देशात, जिथे हिवाळा आला की घरांची दारे कडीपर्यंत बर्फाने बुजून जात, तिथल्या एका डोंगरगावात एक घडीकार राहत होता. कागदाला घड्या घालून पक्षी करणे हे त्याचे काम. कात्री नाही, खळ नाही. एका चौकोनी कागदातून तो असा करकोचा काढायचा की चोचीचे टोक बोटाला टोचावे. किल्ल्यातल्या सरदाराकडे लग्न निघाले की त्यालाच बोलावणे येई. आपल्या हाताचा त्याला फार अभिमान होता, आणि तो अभिमान खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

त्याला एकच मुलगी. बायको मागेच वारली होती. मुलगी लहान, बडबडी, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गप्पा मारणारी. एका हिवाळ्यात तिला ताप आला, खोकल्याने छाती भरली आणि ती अंथरुणाला खिळली. वैद्याने काढा दिला. छातीला वाफ मिळावी म्हणून खोलीत शेगडीवर पाणी उकळत ठेवायला सांगितले. जाताना तो म्हणाला, "औषध मी दिलंय. पण पोरीला जगावंसं वाटलं पाहिजे. ते तुम्ही सांभाळा."

त्या गावात एक रीत होती. कोणी आजारी पडले की सगळ्यांनी मिळून कागदाचे हजार करकोचे करायचे आणि त्यांची माळ आजाऱ्याच्या उशाशी टांगायची. हजार भरले की देव गाऱ्हाणे ऐकतो, असे म्हणत. पण करकोचा घरून करून आणायचा नाही, आजाऱ्याजवळ बसूनच करायचा. शिवाय घड्या पुऱ्या झाल्या की पोटाखालच्या भोकातून फुंकून त्याला फुगवावे लागते. ती फुंक आजाऱ्याने मारायची. असे का, ते कोणी विचारले नव्हते. रीत म्हणजे रीत.

तर लोक येऊ लागले. शेजारच्या म्हातारीचे हात कापायचे, त्यामुळे तिच्या प्रत्येक करकोच्याची मान वाकडी व्हायची. कोळसेवाल्याच्या अंगठ्याचे काळे ठसे पंखांवर उठायचे, आणि त्याचे पक्षी अंगानेही जरा जाडच असत.

"काका, हा करकोचा आहे की कोंबडी?" मुलगी विचारायची.

"कोंबडीच आहे गं. पण तिला उडायची भारी हौस. फुंक मार, बघू उडते का."

मुलगी फुंकायची, खोकायची, हसायची आणि पुन्हा फुंकायची. कोंबडी काही उडत नसे, पण संध्याकाळी मुलगी आपण होऊन भाताची पेज मागायची. उद्या कोण येणार, हे विचारतच झोपी जायची. वैद्य एकदा डोकावून गेला आणि मान डोलावून गेला. घडीकाराला मात्र पेज दिसत नव्हती, वाकड्या माना दिसत होत्या. आपल्याच घरात, आपल्याच मुलीच्या उशाशी असले गबाळे काम लटकतेय, हे पाहून त्याला कसेसेच व्हायचे. तरी बिचारा गप्प बसायचा.

एक दिवस कागदाचा व्यापारी माल घेऊन आला. त्याने माळ पाहिली आणि हसू दाबत विचारले, "हे तुमच्या हातचं?"

"छे! गावातल्या लोकांचं."

"म्हटलंच मी. किल्ल्यात कळलं तर हसतील हो."

घडीकाराचे कान तापले. व्यापारी गेला, पण ते बोलणे काही डोक्यातून जाईना. तो मनाशी म्हणाला, देवाला द्यायची वस्तू कशी निर्दोष हवी. असल्या ओबडधोबड पक्ष्यांनी माझी मुलगी बरी कशी होईल? मुलीची काळजी त्याला होतीच, कोण नाही म्हणतो? पण त्या काळजीच्या आड त्याचे नाक दडून बसले होते, ते त्याला दिसले नाही. त्याने मुलगी झोपलेली असताना माळ उतरवली. वाकडी पडलेली घडी पुन्हा सरळ होत नाही, म्हणून ते सगळे करकोचे त्याने चुलीत घातले.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली तर हा दारातच उभा.

"आजी, आता तुम्ही कोणी तसदी घेऊ नका. हजारच्या हजार मीच करणार आहे."

"अहो, पण सगळ्यांनी करायची रीत आहे ना?"

"रीत करकोचे टांगायची आहे. ते होतील, आणि नीट होतील."

म्हातारीने आपले कापणारे हात बाह्यांमध्ये लपवले. "बरोबर आहे तुमचं," ती ओशाळून म्हणाली. "आमच्या हाताला कुठली आलीय सफाई?" ती आल्या पावली परत गेली. गावभर ही गोष्ट पसरली. कोणाला राग आला नाही. एवढा मोठा कारागीर म्हणतो म्हणजे खरेच असेल, असे म्हणून जो तो आपापल्या घरी बसला.

घडीकार मागच्या खोलीत कामाला लागला. मुलीच्या खोलीत वाफ, तिथे कागद मऊ पडतो, घडी धारदार बसत नाही. म्हणून मधले दार लावून घ्यायचे. पेज आणि काढा द्यायला तो आत जाई आणि लगेच परत येई. जुनी माळ कुठे गेली, असे मुलीने विचारले, तेव्हा नवी करतोय, एवढेच त्याने सांगितले. करकोचे तर असे उतरत होते की किल्ल्यातसुद्धा त्याने तसे कधी केले नसतील.

"बाबा, आज कोणी आलं नाही?" मुलीने विचारले.

"लोकांना कामं असतात."

ती काही दिवस रोज हेच विचारत राहिली. मग एकदा वेगळेच विचारले. "बाबा, त्यांना माझा कंटाळा आला का?"

खरे काय ते एका वाक्यात सांगता आले असते. पण ते सांगायचे तर आपण लोकांना दारातून परत पाठवले, हेही सांगावे लागले असते. घडीकार म्हणाला, "बोलू नकोस. धाप लागेल."

"मग तुम्ही तरी इथे बसून करा ना. मी फुंकते."

"इथल्या वाफेने कागद खराब होतो, बाळा. आणि तू श्वास उगाच दवडू नकोस. मी फुंकतो ना. थोडेच राहिलेत आता. माळ झाली की तू खडखडीत बरी होशील."

मुलीने मान हलवली. त्यानंतर तिने काही मागितले नाही. पेजेची वाटी जशीच्या तशी परत येऊ लागली. काढा ओठांवरून ओघळू लागला. घडीकार घाबरला, आणि घाबरून आणखी भराभर घड्या घालू लागला. बाहेर जाऊन एखाद्या शेजाऱ्याला हाक मारावी, असे त्याला एकदाही सुचले नाही.

शेवटी एका सकाळी हजार भरले. त्याने ते दोऱ्यात ओवले. एकही मान वाकडी नव्हती, एकही पंख तोकडा नव्हता. आनंदाने त्याचे डोळे भरून आले. माळ दोन्ही हातांवर घेऊन तो मुलीच्या खोलीत गेला.

"हे बघ, झाली!"

मुलगी उशीवर नव्हती. रात्रीतून कधीतरी ती सरकत सरकत अंथरुणाबाहेर आली होती, आणि बाहेरच्या दाराकडे तोंड करून पडली होती. घडीकाराने तिला उचलले. अंग केव्हाच गार झाले होते.

त्याच्या हंबरड्याने गाव धावून आले. मयताच्या घरी जायला काही कोणाची परवानगी लागत नाही. कोळसेवाला आला, म्हातारी आली. ज्यांनी इतके दिवस हात बांधून घेतले होते ते सगळे आले, आणि त्या लहानशा खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. म्हातारीने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. मग तिची नजर जमिनीवर पडलेल्या माळेकडे गेली.

"किती देखणे केलेत हो," ती रडत रडत म्हणाली. "आमच्या हातून असे कधीच झाले नसते."

जन्मभर ज्या शब्दांसाठी तो झुरला, तेच हे शब्द. घडीकाराने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

"रोज दारावरून जात होतो मी," कोळसेवाला म्हणाला. "वाटायचं, डोकवावं. पण म्हटलं, आपली उगाच अडचण नको."

"ती विचारत होती," घडीकार कसाबसा बोलला. "तुम्हाला तिचा कंटाळा आला का, म्हणून विचारत होती. आणि मी तिला 'नाही' म्हणालो नाही."

म्हातारी तोंडाला बाही लावून भिंतीशी बसून राहिली. शेगडीवरचे पाणी आटून गेले होते, आणि कोळसेवाल्याने भांडे उतरवून ठेवले.

लहानांनो आणि मोठ्यांनो, यातून घ्यायचे तात्पर्य ते इतकेच: आजारी माणसाला आपली कला नको असते, आपण हवे असतो, आणि आपल्याला बसणे जमत नसेल, तर जे येऊन बसतात त्यांना तरी दार लावू नये.