गंगाक्काची विणशाळा

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला एक नगर होतं आणि त्या नगरात घरं बांधायला शिकवणारी एक शाळा होती. तिथले आचार्य म्हातारे झाले होते, पण लांबलांबून मुलं त्यांच्याकडे शिकायला येत.

या मुलांत रंभाजी सगळ्यांत हुशार. त्याची रेघ अशी सरळ की दोरी लावून पाहावी. त्याने काढलेले खांब, कमानी, नक्षी बघायला गावातली माणसं मुद्दाम येत. पाच वर्षं शाळेत त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

सहाव्या वर्षी साळू आली. गवंड्याची पोर. तिची रेघ वाकडीतिकडी, कधी कधी तर पुसटच. पण आचार्य तिच्या पाटीजवळ थांबत. "असं का केलंस?" म्हणून विचारत आणि ती सांगेल ते कान देऊन ऐकत.

रंभाजी आपल्या जागेवरून मोजत बसे. माझ्या पाटीजवळ आचार्य क्षणभर थांबले, 'छान' म्हणाले आणि पुढे गेले. हिच्याजवळ मात्र घटकाभर! एवढं काय आहे त्या फरपटलेल्या रेघांत? त्याला जेवण गोड लागेना. साळू हसली की त्याला वाटे, आपल्यालाच हसली. ती गप्प बसली की वाटे, मनात काहीतरी मोठं शिजतंय.

अशात नगरातली विणकरांची जुनी शाळा पडली. माग ठेवायला जागा उरली नाही. विणकरांची म्होरकी गंगाक्का नगरप्रमुखाकडे गेली. नगरप्रमुखाने आचार्यांना निरोप धाडला, "तुमच्या दोन शिष्यांकडून तळ्याकाठी दोन विणशाळा बांधून घ्या. विणकर ज्या शाळेत आपणहून टिकतील, तिचा बांधणारा यापुढे नगराचा स्थपती."

आचार्यांनी रंभाजीचं आणि साळूचं नाव घेतलं. आपल्या नावापाठोपाठ तिचं नाव ऐकताच रंभाजी तडक आपल्या पाटीकडे वळला.

त्याने दोन दिवसांत आराखडा काढला. उंच जोतं, सोळा खांब, कमानींची रांग. साळूने मात्र रेघसुद्धा ओढली नाही. ती रोज सकाळी विणकर आळीत जाई ती दिवस कलल्यावर परते. असे पंधरा दिवस गेले. बाकीची मुलं म्हणाली, "हरली बिचारी." रंभाजीला तेही पटेना. ही तिथे करते काय? हिला असं काय मिळालंय, जे आपल्याला मिळालं नाही?

शेवटी साळूने एका कापडावर आराखडा काढला आणि गुंडाळून, दोरा बांधून कोनाड्यात ठेवला. दुपारी सगळे जेवायला गेले. रंभाजी मागे राहिला. त्याने दोरा सोडला.

आत एक बुटकी इमारत होती. निम्मी जमिनीत उतरलेली, फक्त उत्तरेची बाजू तळ्याच्या उताराकडे उघडी. उत्तरेच्या भिंतीत लहान लहान खिडक्या, त्याही गुडघ्याएवढ्या उंचीवर. खिडक्यांखाली पाण्याची पन्हळ.

त्याला काही कळेना. साळूला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण विचारायचं म्हणजे तिला मोठं करायचं. त्याने मनाशी ठरवलं, 'हिला जमिनीत जायचंय तर आपणही थोडं जाऊ. पण खिडक्या कशाला एवढ्याशा? आपण पुरुषभर उंच करू, चारी भिंतींना करू. पन्हळीऐवजी मधोमध कारंजं काढू. हिचंच घ्यायचं आणि हिच्यापेक्षा देखणं करून दाखवायचं.'

त्याने नवा आराखडा आचार्यांपुढे ठेवला. आचार्यांनी एका खिडकीवर बोट ठेवलं. "ही इथे का?"

"शोभते म्हणून."

"विणकरांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं, गुरुजी? ते विणतात. बांधायचं आपण."

आचार्यांनी कापड परत केलं. "बांध," एवढंच म्हणाले.

चैत्रात दोन्ही शाळा उभ्या राहिल्या. रंभाजीची शाळा पाहून लोकांनी तोंडात बोटं घातली. विणकरही त्या थाटाला भुलले आणि त्यांनी आपले माग तिथेच मांडले. साळूची बुटकी शाळा रिकामी राहिली. साळू पायरीवर बसून होती, आणि तिचे भरून आलेले डोळे पाहून रंभाजीला किती दिवसांनी गाढ झोप लागली.

वैशाख आला. डोंगरावरून कोरडा वारा सुटला आणि उंच खिडक्यांतून थेट आत शिरला. मागावरचा धागा तट् करून तुटला. गाठ मारली तर शेजारचा तुटला. कारंज्याचं पाणी वाऱ्याने उडून ताण्याच्या उभ्या धाग्यांवर पडलं आणि रंग पसरले. पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत येई. दिवसभर बसून वीतभरही कापड होईना.

आठवड्याभरात पहिला विणकर आपला माग उचलून साळूच्या शाळेत गेला. मग दुसरा. मग सगळी आळीच गेली. शेवटी गंगाक्का उठली.

"आक्का, तुम्हीसुद्धा?" रंभाजी म्हणाला.

"लेकरा, शाळा देखणी आहे रे. लग्नाचा मांडव म्हणून फार शोभेल. पण माझा धागा इथे जगत नाही."

रंभाजी चडफडत तिच्या मागोमाग निघाला. साळूने नक्की काहीतरी कपट केलं असणार, ते शोधूनच काढायचं होतं. भर दुपारी तो त्या बुटक्या शाळेच्या पायऱ्या उतरला आणि थबकला. आत गारवा होता. उन्हाचा कवडसा नव्हता, तरी प्रत्येक धागा स्वच्छ दिसत होता. सगळे माग चालू होते. साळू एका म्हातारीचा तुटलेला धागा जोडत बसली होती.

तो भिंतीतल्या खिडकीपाशी वाकला. मग कसंबसं विचारलं, "खिडकी एवढी खाली का?"

"विणणारी माणसं जमिनीवर बसतात, दादा. उजेड त्यांच्या हातावर पडायला हवा."

"आणि जमिनीत कशाला उतरलीस?"

"ओल राहावी म्हणून. सुकी हवा लागली की धागा तुटतो. पन्हळही त्याचसाठी. मला तरी कुठे ठाऊक होतं? गंगाक्काजवळ बसून धागे जोडले, तेव्हा तिने सांगितलं."

रंभाजीची मान खाली गेली. "साळू, तुझा आराखडा मी चोरून पाहिला होता."

"माहीत आहे. दोऱ्याची गाठ तुम्ही वेगळीच मारली होतीत."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"वाटलं, काही कळलं नाही तर येऊन विचाराल. मी वाट पाहत होते."

त्या दिवशी साळू नगराची स्थपती झाली. लोकांनी तिला पागोटं बांधलं, तेव्हा रंभाजी गर्दीत उभा होता. त्याच्या छातीत कळ आली नाही असं नाही. मत्सर एका दिवसात जात नसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो विणकर आळीत गेला आणि गंगाक्काच्या ओट्यावर बसला.

"आक्का, माझ्या खिडक्या किती बुजवू? तुम्ही सांगा, मी विटा रचतो."

गंगाक्काने त्याच्यापुढे तुटक्या धाग्यांचा गुंता सरकवला. "आधी हे जोड. मग बोलू."

तो मांडी घालून बसला. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तिसरी मात्र टिकली, आणि गंगाक्का पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली.

तात्पर्य: घर बांधायला शिकणाऱ्याने शेजाऱ्याच्या पाटीत डोकावण्यापेक्षा, ज्याच्यासाठी बांधायचं त्याच्या ओट्यावर जाऊन बसावं. रेघ चोरता येते, पण ती तिथे का ओढली हे विचारल्याशिवाय कळत नाही.