पाठीवरचे भोपळे

फार मागची गोष्ट. नदीवर पूल बांधायचं माणसाच्या डोक्यातही आलं नव्हतं, तेव्हाची. बाळांनो ऐका, आणि बाळांच्या आयांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका.

एका नदीकाठच्या गावात एक नावाडीण होती. पाण्यात तिचा हात धरणारं आसपासच्या गावांत कुणी नव्हतं. भर पुरात सूर मारून ती पलीकडं निघायची. "पोहावं तर नावाडणीनं," असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकलं की तिला जेवल्यासारखं वाटायचं.

गावातल्या आयांचा जीव मात्र सदा नदीकडं. पोर जरा दिसेनासं झालं की भाकरी तव्यावर सोडून त्या घाटाकडं पळायच्या. त्यातली एक जण एकदा नावाडणीला म्हणाली, "अक्का, आमच्या पोरांना शिकवा की पोहायला."

नावाडीण हसली. "पोहणं शिकवून येतं होय गं? ते रक्तात असावं लागतं."

गावाच्या टोकाला एक भोपळेवाली राहायची. एकटी बाई, एक झोपडी आणि झोपडीवर चढलेला एक वेल. त्या वर्षी घरोघरी भोपळे लागले. तिचे कोण घेणार? ते वेलावरच वाळून खडखडीत झाले. एक दिवस वैतागून तिनं एक भोपळा नदीत भिरकावला. तो बुडाला नाही. डुलत डुलत काठाला परत आला. भोपळेवाली बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं अंबाडीच्या दोऱ्या वळल्या आणि घाटावर सांगितलं, "पोरं पाठवा. पोहायला शिकवते. आठवड्याला पसाभर जोंधळे द्या. पोर पोहलं नाही तर तेही परत न्या."

ना जागा, ना छप्पर. भांडवल म्हणजे वाळके भोपळे. पण आया पोरांना घेऊन आल्या. प्रत्येकाच्या पाठीला दोन दोन भोपळे बांधून भोपळेवाली त्यांना पाण्यात सोडू लागली.

नावाडणीच्या पोटात आग पडली.

"स्वतः कुत्र्यासारखे हात मारते, आणि म्हणे गुरूबाई!" ती घाटावर कपडे आपटत बोलायची. कपडे फाटायची वेळ यायची.

"अक्का, तुमच्या ठकूलाही पाठवा की," कुणीतरी मुद्दाम डिवचायचं.

"माझ्या लेकीला? उद्या मासोळीला बेडकी शिकवायला येईल!"

घरी आली तरी तिला चैन पडेना. घास तोंडात फिरायचा. पाणी माझं, नाव माझी, आणि 'बाई, बाई' करत पोरं धावतात त्या भोपळेवालीमागं!

शिकवणी सुटली की भोपळे करंजाच्या फांदीला वाळत टांगलेले असायचे. एकदा भर दुपारी सगळा गाव निजला होता. नावाडीण गेली आणि ओच्यात मावतील तेवढे भोपळे घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी नावेआड लपून ती मजा बघू लागली. भोपळेवालीनं फांदीकडं पाहिलं, कपाळाला हात लावला. "माकडांनी नेले वाटतं. असू दे. आज एकेकच बांधू." पोरं किंचाळली, पाणी प्याली, पण तरंगली.

नावाडीण पुन्हा गेली. मग पुन्हा.

आणि चोरलेल्या भोपळ्यांचं तिनं काय केलं? मागच्या डोहावर कुणी फिरकत नसे. तिथं ती ठकूला नेऊ लागली. "त्यांच्या पाठीला एक, तर तुझ्या पाठीला चार! तू सगळ्यांच्या पुढं गेली पाहिजेस." चाराचे सहा झाले. ठकू पाण्यावर पिसासारखी तरंगायची. हात हलवायचीही गरज पडत नसे. आई काठावरून म्हणायची, "बघा! याला म्हणतात रक्त."

नावाडणीला स्वतःला कुणी कधी शिकवलं नव्हतं. त्यामुळं भोपळा बांधायचा असतो तो एक दिवस सोडण्यासाठी, हे तिला ठाऊकच नव्हतं.

एक दिवस फांदी पार रिकामी झाली. भोपळेवाली मटकन खाली बसली. "जा रे बाळांनो घरी. माझं दुकान बुडालं." तिला रडू फुटलं. नावेआड नावाडणीला आज गार वाटलं.

तेवढ्यात कुंभाराची बुटकी पोर म्हणाली, "बाई, रडू नका ना. आम्ही एकदा डुंबून मग जातो." आणि तिनं तशीच उडी मारली. मोकळ्या पाठीची. मागोमाग सगळ्यांनी मारली.

सगळी पोहत होती!

भोपळेवाली रडता रडता हसू लागली. नावाडणीनं ओठ चावला, रक्त येईतो.

उन्हाळा सरत आला. पलीकडच्या काठाला जांभळं पिकली. पोरं पोहत निघाली, तशी ठकू धावत आली. "मीपण येते. मला तुमच्यापेक्षा चांगलं येतं. आई म्हणते." आणि तिनं भोपळ्यांशिवायच उडी टाकली.

नावाडीण पलीकडं नावेतून माणसं उतरवत होती. लेकीची वेणी पाण्याखाली जाताना तिला दिसली. तिनं सूर मारला. पण नदी एवढी रुंद तिनं कधी पाहिली नव्हती. हात मारावे तितका काठ लांब जात होता.

ती पोचण्याआधीच कुंभाराच्या पोरीनं ठकूचे केस धरले होते. 'बुडणाऱ्याला मिठी मारू द्यायची नाही, केस धरून ओढायचं,' हे भोपळेवालीनं सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. पोरांनी मिळून तिला काठाला आणलं, पालथी घातली, पाणी काढलं.

ठकूनं डोळे उघडले. सारं गाव भोवती उभं होतं. ती खोकत म्हणाली, "आई, सहा भोपळे बांधले की मला येतं गं. आपल्या माळ्यावरचे आण ना."

सगळ्यांच्या माना नावाडणीकडं वळल्या. ती खाली बघत राहिली. तिच्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं.

शेवटी भोपळेवालीच बोलली. "मी रोज थोडे भोपळे सोडणारच होते, अक्का. माझ्या पोरांचे तुम्हीच सोडलेत. तुमच्या पोरीचे कोण सोडणार?"

दुसऱ्या दिवशी माळा रिकामा झाला. ठकू शिकवणीत सगळ्यांत लहान पोरांच्या रांगेत बसली. आणि पुरात सूर मारणारी नावाडीण पसाभर जोंधळे घेऊन काठावर उभी राहिली. बाईनं सांगितलं की ती लेकीच्या पाठीवरची एक गाठ सोडायची.

म्हणून सांगते, दुसऱ्याचा आधार चोरून आपल्या लेकराला बांधला, तर लेकरू तरंगतं, पण पोहत नाही.