दगडी जिभांची फौज

एका राज्यात मोठी फौज होती. भाले लाखभर, पण सेनापतीला खरी खबर देणारा एकही नव्हता. वरिष्ठाची चूक दाखवायला जो तोंड उघडी, त्याची जीभ तिथल्या तिथे दगड होई. म्हणून काहीही विचारा, उत्तर एकच: "सर्व कुशल, सरकार."

हा शाप तारिणी जादूगारणीचा. तिचा भाऊ सारंग फौजेत हेर होता. शत्रू चालून येतो आहे, असे त्याने सांगितले, तेव्हा जुन्या सेनापतीने अशुभ बोलला म्हणून बेडी घालून त्याला तळघरात कोंडले. त्या रागाने तिने साऱ्या फौजेला शाप दिला.

पुढे जुना सेनापती लढाईत पडला आणि राजाने दृढसेनाला सेनापती केले. दृढसेनाला चैन पडेना. घोडे सारखे खूर आपटीत, शिपाई नजर चुकवीत, आणि शत्रू पुन्हा तीन मजलांवर येऊन ठेपलेला. त्याने दवंडी पिटवली, "निर्भयपणे बोला!" दोघे बोलले. दोघेही मुके झाले.

तेव्हा तंबूच्या खांबावर बसलेला भारद्वाज पक्षी म्हणाला, "हुकमाने हे सुटायचे नाही. डोंगरावरच्या तारिणीकडे जा."

दृढसेन एकटाच डोंगर चढून गेला. तारिणी म्हणाली, "तीन कामे. माझ्या भावाची बेडी तू स्वतः तोड. फौजेसमोर आपली चूक सांग. तिसरे तुझ्या हातचे नाही. कोणी तुला अडवील, त्याचे ऐक."

त्याने सारंगाची बेडी तोडली. मग फौजेसमोर तो बोडक्या डोक्याने उभा राहिला.

"त्या दिवशी शत्रू मीही पाहिला होता," तो म्हणाला. "सारंगाला ओढून नेले, आणि मी गप्प राहिलो."

 

तिसऱ्या दिवशी त्याने नदी पायी ओलांडायच्या उतारावरून कूच करण्याचा हुकूम दिला. निशाण पाण्यात शिरले, तोच निंबा नावाचा म्हातारा शिपाई त्याच्या घोड्यापुढे आडवा झाला.

"सरकार, हा हुकूम चुकीचा आहे. तळची वाळू खचली आहे. फौज बुडेल."

बोलता बोलता त्याची जीभ जडावली आणि ओठही दगडासारखे करडे पडू लागले. दृढसेनाचा हात तलवारीकडे गेला. उतार त्याने स्वतः निवडला होता, आणि सारे सरदार पाहत होते. त्याने मूठ सोडली.

"फौज मागे फिरवा," तो म्हणाला. "चूक माझी. निंबा, वाट तू दाखव."

निंबाच्या ओठांवरून दगडाची खपली गळून पडली. मागून एकेक मुका कण्हला, खोकला, बोलू लागला. दुपारी, ही फौज मागे फिरलेली पाहून, शत्रूची फौज त्याच उतारात शिरली आणि छातीपर्यंत रुतली. त्यांनी शस्त्रे टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भटारखान्यातून आरडाओरडा ऐकू आला. दृढसेन धावत गेला. एक शिपाई भाकरी हातात धरून उभा होता.

"सरकार, ही कच्ची आहे!"

दृढसेनाने तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला.

"खरेच कच्ची आहे," तो म्हणाला आणि चुलीत आणखी दोन लाकडे सारली.