सखोबाने घर पारखलं

आटपाट नगर नव्हे, नदीकाठचं साधंच गाव होतं. तिथे सखोबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. तेवढाच काय तो त्याचा दोष.

त्याच्या बायकोने, चंद्राने, सोळा सोमवार धरले होते. उद्यापन भाड्याच्या खोलीत नको, आपल्या अंगणात व्हावं, एवढंच तिचं महादेवाकडे मागणं. माहेरून थोडे पैसे मिळाले होते, एका पडक्या घरापुरते. ते घर घ्यायचं, डागडुजी करायची, चांगल्या किमतीला विकायचं आणि त्यातून स्वतःचं छोटंसं घर बघायचं, असा तिने बेत केला.

सखोबा म्हणाला, "अगं, पण घर पारखतात कसं?"

"पूजेचा नारळ पारखता ना? तसंच."

सखोबा गेला. संध्याकाळी दारातूनच ओरडला, "अगं, मिळालं!"

चंद्राने देवाला हात जोडले. "कसं आहे हो?"

"फक्कड! भिंतीला कान लावला, टकटक वाजवलं. आत पाणी वाजतंय!"

"अहो, छप्पर गळतंय ते! कोरडं घर बघा, कोरडं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "अगं, मिळालं!"

चंद्राने पुन्हा हात जोडले.

"इतकं कोरडं घर पंचक्रोशीत नाही. आडात थेंब नाही. मालकाने उलट माझ्याकडेच पाणी मागितलं!"

"महादेवा!" चंद्रा म्हणाली. "उद्या मीच येते."

ती गेली आणि तिला घर सापडलं. गिलावा पडलेला, दार कलंडलेलं, पण छप्पर शाबूत, आड भरलेला, अंगणात तुळशीवृंदावन. खरेदी झाली. किल्ली हातात आली तसे चंद्राचे डोळे भरले.

सखोबाने विचारलं, "आतून चांगलं असेल ना गं? वासे किडके निघाले तर?"

"आता देवावर भरवसा," चंद्रा सहज म्हणाली. "नारळासारखंच ते. फोडल्याशिवाय आतलं थोडंच कळतं?"

सखोबाने मान डोलावली.

सोमवारी चंद्रा उपास धरून पूजेला बसली होती. बेल वाहून झाला, कापूर लावायचा होता. इतक्यात दारात बैलगाडी खडखडली. गाडीवर दोन खिडक्या, वासे, कौलांचा ढीग आणि त्यावर धुळीने पांढराफटक झालेला सखोबा.

"अगं, अस्सल निघालं!" तो आनंदाने ओरडला. "पहारी घेऊन चार गडी लावले. एकेक वासा चिरून बघितला. एकही किडका नाही! तुझा देव पावला बघ."

चंद्राच्या हातातली काडी तशीच विझली. "अहो... आणि घर?"

"असं काय विचारतेस? देवळात करतो तसंच केलं की. अर्धं देवापुढे ठेवलं, अर्धं प्रसाद म्हणून आणलं." सखोबाने गाडीवरून एक कौल काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "घे. उपास सोडून वाटायला घेऊ. शेजारी किती घरं आहेत गं?"