बंद खिडकीतला कूलर

"...ते सगळं राहू द्या, माई. माझ्या बापाला तुम्ही इथं ठेवून का घेतलंत, तेवढं सांगा!"

माई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"मी नाही ठेवला. तो आला," त्या म्हणाल्या. "बस."

नीळकंठ भोयर बसला नाही. बसणाऱ्यातला तो नव्हेच. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या येरझारा चालल्या होत्या, आणि जाता-जाता त्यानं आमचा पंखा बंद करून टाकला. खाली कुणी बसलेलं नाही म्हणून! मी पलीकडे चुलीपाशी घामानं निथळत होते, त्या पंख्याचा जरासा वारा माझ्यापर्यंत येत होता. ते त्याला कोण सांगणार?

मी माईंच्या या मठात स्वयंपाक करते. मठ म्हणजे काही मोठं प्रस्थ नाही. मातीच्या जाड भिंतींच्या दोन खोल्या, एक ओसरी आणि ओसरीला रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. वर्ध्याकडचं आमचं गाव, त्यात वैशाख. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

नीळकंठला अख्खं गाव 'लाईटवाला मास्तर' म्हणतं. हायस्कुलात शिकवतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरात शिरून त्यांची बिलं कमी करतो. खोटं कशाला बोलू, सांगतो ते बरोबर असतं. फ्रिज भिंतीपासून सरकवा, टीव्ही भिंतीवरच्या बटणानं बंद करा, पिवळे बल्ब फेकून द्या. मठातले बल्ब त्यानंच बदलून दिले. एकदा तर मला डाळीवर झाकण ठेवायला शिकवून गेला. मला! पण दुसऱ्याचं ऐकायची वेळ आली की याच्या कानात बोळे.

खिडकीशी त्याचे वडील बसले होते. श्रावणजी. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. डोळे अधू झालेत, पण हात सुईशिवाय राहत नाही. शेजारी दोऱ्यांचा डबा, मांडीवर एक पांढरा सदरा, बटण लावायचा राहिलेला. कुणाचा ते मी विचारलं नव्हतं.

हाच डबा घेऊन ते पहिल्यांदा भर उन्हात चालत आले, त्या दिवशी चेहरा लालबुंद झाला होता. पायरीवरच मटकन बसले. मी कांदा फोडून नाकाशी धरला, पन्हं पाजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रात्रीचेही इथंच राहायला लागले.

"गावात लोक काय बोलतात, माहीत आहे?" नीळकंठ म्हणाला. "मास्तरनं बिलापायी बापाला घराबाहेर काढलं! मी? अहो, बाबांच्या खाटेसमोर दिवसभर कूलर लावलेला असतो. उद्या त्या उन्हात त्यांना काही झालं म्हणजे?"

हे बोलताना त्याचा आवाज फुटला. तेव्हा मला कळलं, हा भांडायला आलेला नाही. हा घाबरलाय.

"कूलर तं लावते तू," माई म्हणाल्या. "मग खोली गार होते?"

त्याची पावलं थांबली.

"...नाही," तो म्हणाला. "तेच तर कळत नाही!"

आणि मग भडाभडा बोलायलाच लागला.

लहानपणी यांच्या घरी कूलर नव्हता, दाराला ओलं पोतं लावायचे. पुढं नोकरी पुण्याला. तिथून परत आला तो एसी घेऊनच. खिडक्यांना थर्माकोल लावलं, वरून चकाकता कागद डकवला, कडेच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. एसीला तसंच लागतं. पण आमच्याकडच्या उन्हाळ्याचं बिल हातात आलं आणि मास्तरची झोप उडाली. एसी विकून त्याच्याच जागी खिडकीत कूलर बसवला, तोंड आत, पाठ बाहेर. कूलरला वीज फारच कमी लागते, तिथंवर हिशेब चोख होता.

बाकीच्या खिडक्या मात्र तशाच बंद ठेवल्या. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून.

"आणि खोलीत नुसती चिकचिक, माई! पापड मऊ पडतात. आगपेटीची काडी पेटत नाही. चादर ओली लागते. बायको वैतागली. मी कूलर फुल्ल ठेवला, मग दुसरा आणला. गार काही होत नाही आणि बिल पुन्हा वर! कुठून तरी थंडावा गळतोय. मी मेणबत्ती घेऊन भिंतन् भिंत तपासली, कुठं फट सापडत नाही."

"मी सांगतलं होतं न तुले," खिडकीतून श्रावणजी म्हणाले. "खिडकी उघड म्हणून."

"तुम्हाला खिडकी गप्पांसाठी पाहिजे, बाबा! रस्त्यानं जाणारा येणारा तिथं टेकतो. हा आला, तो आला. आणि मी काय, विकत घेतलेला थंडावा रस्त्यावर सोडून देऊ?"

श्रावणजींनी मान सदऱ्यावर वाकवली. सुईनं बटणाची जागा चाचपायला लागले.

मला इतका संताप आला की हातातली भाकरी मी तव्यावर आपटलीच.

माईंनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या त्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

"श्वास घे," त्या म्हणाल्या.

"आं?"

"घे न बाप्पा. मोठा घे."

त्यानं घेतला.

"सोडू नको. अजून घे."

त्यानं आणखी थोडा ओढला. छाती फुगली, खांदे वर चढले.

"अजून."

त्यानं मान हलवली. हातानं नाही, नाही म्हणायला लागला.

"काहून? बाहेर तं चिक्कार हवा आहे. घे न."

आता त्याचे डोळे बाहेर यायचे राहिले होते. गाल फुगलेले, कपाळाची शीर तट्ट. श्रावणजींची सुई हातातच थांबली.

"सोडू नको हं," माई म्हणाल्या. "विकतचा आहे."

भस्सकन त्याचा श्वास सुटला. वाकून, गुडघे धरून तो धापा टाकायला लागला. मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला.

माई परत जाऊन सुपाशी बसल्या. जसं काही झालंच नाही.

तो मात्र हळूहळू सरळ झाला. एकदा स्वतःच्या छातीकडं पाहिलं, एकदा माईंकडं.

"म्हणजे... आतली हवा बाहेर गेलीच नाही, तर कूलर बाहेरची ओढणार कुठून?" तो पुटपुटला. "तीच ती ओली हवा खोलीत फिरतेय... अरे देवा! गळत नाहीच आहे काही. कोंडलंय!"

"बस," माई म्हणाल्या. "जेवून जा."

पण तो कसला बसतोय! डाव्या पायात उजवी चप्पल घालून पळाला.

श्रावणजी त्याच्या पाठीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता डबा आवरतील, सदरा घडी करतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात ऑटो थांबला. नीळकंठच. चेहरा असा फुललेला की ओळखू येईना.

"माई, गार! एकदम गार! कूलर हळूवर ठेवला तरी चादर ओढून घ्यावी लागली. दुसरा कूलर बंदच करून टाकला. आता बघा बिल कसं खाली येतं ते! बाबा, उठा. ऑटो उभा आहे, उन्हात चालायला नको."

श्रावणजी उठले नाहीत.

"कोणती उघडली?" त्यांनी विचारलं.

"स्वयंपाकघराकडची. काय झकास वारा निघतो तिकडून!"

"अन् रस्त्याकडची?"

"ती कशाला? एक पुरते, बाबा. ती उघडली तर धूळ येईल, परत माणसं येऊन टेकतील..."

"हो," श्रावणजी म्हणाले. "येतीन."

त्यांनी डब्यातून दोरा काढला, टोक ओलं केलं आणि सुईत घालायला गेले. चुकलं. पुन्हा गेले. पुन्हा चुकलं. बाहेर ऑटोवाला भोंगा वाजवत होता. नीळकंठ एकदा दाराशी जायचा, एकदा बापाशी यायचा. मलाच चक्कर यायची पाळी आली.

"बाबा, मी काय तुम्हाला घरात काही कमी पडू देतो का?" तो एकदम म्हणाला. "सांगा ना! गार खोली आहे, वेळेवर जेवण आहे. इथं काय आहे असं?"

श्रावणजींचा दोरा तिसऱ्यांदा चुकला.

"आणा इकडं!" नीळकंठनं सुई-दोरा त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

ओसरीच्या मध्यावर उभा राहून डोळे बारीक केले. नेम धरला. चुकला. आणखी एकदा धरला, चुकला. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि चार पावलं टाकून खिडकीपाशी गेला. सुई वर उजेडात धरली.

रस्त्यानं एक बाई चालली होती, डोक्यावर ओला पंचा. खिडकीत माणूस दिसला तशी थांबली.

"श्रावणजी नाहीत का जी? पिशवीचा बंद तुटला होता माहा. घरी गेली होती त्यायच्या, तं खिडकी बंद."

नीळकंठनं मागं वळून बापाकडं पाहिलं.

"आहेत," तो म्हणाला. "इथंच आहेत."

"मग संध्याकाळी येते म्हणा."

ती गेली. दोरा सुईतून केव्हाच पलीकडे आला होता. तरी तो सुई तशीच वर धरून उभा होता.

"बाबा..."

"काय गा?"

"घरी तुम्ही सुईत दोरा कसा ओवत होतात?"

"बल्ब लावून."

"दिवसा?"

"हाव. अंधार राहते न आता तिथं."

बाहेर भोंगा वाजला. या वेळी नीळकंठनं तिकडं पाहिलं नाही.

"पण दिवसा बल्ब दिसला की मी तर..."

"हाव," श्रावणजी म्हणाले. "तू बंद करत होता न."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. माझ्याच्यानं तिकडं बघवेना, मी उगीच चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत बसले. घरातला शिंपी, त्याची खिडकी बंद केली, आणि त्यानं दिवा लावला तर तोही घालवला. आणि 'खिडकी उघड' एवढंच म्हणून त्या माणसानं पुढं एका शब्दानं तक्रार केली नव्हती, नुसता डबा उचलून आमच्याकडं आला होता.

नीळकंठनं दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"मी जातो," शेवटी तो म्हणाला. "आत्ता जातो, बाबा. ती पुढची खिडकी... थर्माकोल, कागद, सगळं फाडून काढतो. तुम्ही उठू नका. मी उघडून येतो आणि मग तुम्हाला न्यायला... ऑटो थांबवून ठेवतो..."

बोलता-बोलता तो दाराशी पोचलाही. सुई हातातच, दोरा मागं लोंबतोय. एक पाय चपलेत.

"नीळकंठ," माई म्हणाल्या.

तो थांबला.

"पळू नको. बस आधी. सुई दे त्याले... सदरा तुहाच आहे."