मिटलेल्या पानाची घडी

खूप खूप वर्षांपूर्वी, राजाचं नावसुद्धा जिथवर धड पोचत नसे अशा समुद्रकाठच्या एका गावात एक रीत होती. घरात मूल जन्मलं की सुईण आपल्या झाकलेल्या टोपलीतून एक बी काढी आणि परसात पुरून टाकी. बी माडाचं, पोफळीचं, ताडाचं की शिंदीचं, हे ती कुणाला सांगत नसे. बाळंतीण उठून परसात येईपर्यंत ते मातीआड झालेलं असे. आईनं विचारायचं नाही. बाळाच्या न्हाणीचं पाणी तेवढं त्या आळ्यात सोडायचं. पुढं कधीतरी पान आपल्या खऱ्या रूपात उघडे, गाव जमे, झाड ओळखलं जाई, आणि त्या दिवशी सगळ्यांना गूळखोबरं मिळे.

या गावात एक तरुण आई होती. पोथ्या लिहिणाऱ्याची लेक. तिला लिहिता-वाचता येई, म्हणून काळजी करायला तिच्यापाशी इतरांपेक्षा दुप्पट कारणं होती. नवरा गलबतावर, वर्षातून दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने ती आणि तिची लहानगी लेक. शेवटची पुरी झोप आपण कधी घेतली, हे आठवायलाही तिला बसून विचार करावा लागे, आणि बसलं की डोळा लागे.

लेक तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. परसातलं झाडही आपलं नाव सांगत नव्हतं.

माड आणि पोफळीचं कोवळं पान टोकाशी दुभागलेलं असतं. हिच्या आळ्यात आलं ते एकेरी, पट्टीसारखं. म्हणजे उरली दोघं, ताड आणि शिंदी. लहानपणी ती दोन्ही झाडं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. मोठेपणी ताडाचं पान पंख्यासारखं उघडतं, शिंदीचं पिसासारखं फाकतं. तोवर ओळखायचं कसं? ताडपत्रावरची अक्षरं तिला पाठ होती, पण परसातला ताड काही वाचता येईना.

शेजारीण कुंपणावरून म्हणे, "वहिनी, शिंदीच हो ती! चला, केरसुण्यांची ददात मिटली. आमचा बाई माडच निघाला. आणि आमची चिमी बोलते कशी, ऐकता ना? काल मलाच म्हणाली, आई, तू जरा गप्प बस."

कुणी म्हणे पाणी फार होतंय, कुणी म्हणे सावली कमी पडतेय. ती सकाळी आळ्यावर झावळ्यांची सावली करी आणि दुपारी काढून टाकी. संध्याकाळी वाटे, काढायला नको होती.

शेवटी रीत मोडून ती सुईणीकडे गेली. "आजी, एवढंच सांगा. ताड की शिंदी?"

"विसरले गं बयो. किती बिया पुरल्या या हातांनी." म्हातारी खरंच विसरली होती का, देव जाणे. "पण तुला घाई कसली?"

"माझं कुठं चुकतंय ते तरी कळेल."

"चुकत असेलच. सगळ्यांचं चुकतं. पाणी घाल आणि जरा नीज."

नीज म्हणणारे पुष्कळ होते. तेवढा वेळ पोरीला सांभाळते म्हणणारं कुणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात झाडाच्या मधोमध एक नवं पान आलं. उंच, जाड, घट्ट मिटलेलं. याच्याच घडीत उत्तर आहे, हे तिला कळलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले, पान काही उघडेना.

एका सकाळी कुंपणापलीकडे चिमीनं अख्खं गाणं म्हणून दाखवलं. इकडे लेक पेजेच्या वाटीत बोट फिरवत गप्प बसली होती. आईनं तिची हनुवटी धरली.

"बोल. आई म्हण. बोल ना! बोल!"

तिनं ती हनुवटी गदागदा हलवली. लेकीनं तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले.

आईनं हात मागं घेतला. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज घरात मावेना म्हणून ती परसात गेली. जाताना वडिलांची लोखंडी लेखणी उचलली, ताडपत्रावर अक्षरं कोरायची ती. एक घडी उकलून पाहू, एकच, असं म्हणत तिनं मिटलेल्या पानात टोक घातलं. टोक आरपार गेलं. पान मात्र उकललं नाही.

भोक मोहरीएवढं होतं. तिनं त्यावर चिमूटभर माती लावली आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी पान आपसूक उघडलं. भला थोरला पंखा! "ताड! ताड!" म्हणत गाव परसात जमलं. मग कुणीतरी पानाकडे बोट दाखवलं. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत भोकांची रांग होती.

सुईण पुढं आली. "किती वेळा टोचलंस?"

"एकदाच," आई म्हणाली. "आजी, शपथ, एकदाच."

"खरं सांगतेस. मिटलेलं असताना सगळ्या घड्या एकावर एक असतात गं. एक टोचणी सगळ्यांना लागते."

"मरेल का ते?"

"नाही मरायचं. पुढची पानं धड येतील. पण हे पान असंच राहणार, आणि ताडाचं पान काही लवकर गळत नाही."

एवढ्यात लेक गर्दीतून वाट काढत आली. पानाचं खाली वाकलेलं टोक तिनं चिमटीत धरलं, हनुवटी धरावी तसं, आणि गदागदा हलवलं.

"बोल," ती म्हणाली. "बोल ना! बोल!"

"अगंबाई, बोलली की हो!" शेजारीण ओरडली. तिचे डोळे खरोखरच भरून आले. बायका हसल्या, टाळ्या पिटल्या, गूळखोबरं वाटलं गेलं.

आई तेवढी हसली नाही. तो आवाज तिचा स्वतःचा होता. ती चिमटी तिची होती. ती लेकीशेजारी मातीत बसली आणि तिनं त्या चिमुकल्या हाताखाली आपला हात धरला. पान सुटलं. "आई म्हण" असं ती त्या दिवशी म्हणाली नाही, आणि पुन्हा कधीच म्हणाली नाही.

ताड पुढं घरापेक्षा उंच झाला. भोकांचं पान बरीच वर्षं वाऱ्यावर हललं आणि एक दिवस गळून पडलं. लेकही पुढं पुष्कळ बोलली, अगदी चिमीला मागं टाकील इतकी. पण आईशी काही बोलायचं असलं की आधी तिचा तळवा तोंडाकडे जाई, आणि आई हातातलं काम खाली ठेवून, तो तळवा आपणहून खाली येईपर्यंत थांबे.

मिटलेल्याला एकदाच टोचलं तरी उमलल्यावर रांगेनं भोकं दिसतात. म्हणून उमलणाऱ्याला पाणी घालावं आणि वाट पाहावी.