मार्तंडराव महाराजांचं भरीत

"चंपाषष्ठीच्या दरबाराला हा हॉल गच्च भरून दाखव! नाही भरला, तर तुझा तो ब्लॉग कायमचा बंद. आणि वर्षभर आमच्या संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या वाघाच्या मिशा विंचरायच्या!"

सोनवळ्याचे मार्तंडराव महाराज गरजले. संस्थान कधीच विलीन झालं होतं, पण महाराजांचा हट्ट जागच्या जागी होता. समोर उभी होती जुलेखा मणेर, पेठेतल्या बांगडीवाल्याची मुलगी. घराघरांतल्या स्वयंपाकावर ती 'फोडणी' नावाचा ब्लॉग लिहायची. दरबारात दरवर्षी लेखकांचा सत्कार होई, त्यात आपलंही नाव घ्यावं एवढंच मागायला ती आली होती.

"पुस्तक छापलं असतं तर गोष्ट वेगळी," महाराज म्हणाले. "ब्लॉग म्हणजे हवेत लिहिणं! कोण वाचतं तुला?"

"अब्बा वाचतात, मावशी वाचते..."

बापूसाहेब कारभारी फिस्सकन हसले. जुलेखाचे कान लाल झाले, पण ती हलली नाही.

"हॉल भरला तर सत्कार होईल ना, सरकार?"

"होईल! पण अटी ऐक. कुणालाही 'या' म्हणायचं नाही. कुणाला पैसे द्यायचे नाहीत. आणि एकही वाक्य खोटं लिहायचं नाही!"

बापूसाहेबांनी मान डोलावली. गेली कित्येक वर्षं या दरबाराला चिटपाखरू फिरकत नव्हतं. महाराजांचेच नोकर इस्त्रीचे कपडे घालून पाहुणे म्हणून खुर्च्यांवर बसत आणि टाळ्या वाजवत. तिथे ही पोर न बोलावता माणसं आणणार!

तेवढ्यात महाराजांचं ताट आलं. भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. पहिला घास घेताच महाराजांचे डोळे मिटले.

"वा! खरं भरीत जगात एकाच ठिकाणी होतं, आमच्या मुदपाकखान्यात! बाकीचे नुसती वांगी जाळतात. आणि खानदेशात जे करतात ना, त्याला भरीत म्हणणं हाच गुन्हा आहे!"

जुलेखाचे डोळे चमकले. "सरकार, हे मी लिहू?"

"लिही की! आमचा शब्द आहे. खुशाल आमचं नाव घालून लिही! दरबाराच्या दिवशी सर्वांना हेच भरीत वाढणार आहोत आम्ही!"

जुलेखा धावतच घरी गेली. महाराजांचं बोलणं तिनं शब्दाला शब्द उतरवलं. खाली दरबाराचा दिवस आणि जागा लिहिली, आणि महाराज त्या दिवशी हेच भरीत सर्वांना वाढणार आहेत, हेही. मग शेवटी लिहिलं, 'मी स्वतः भरीत शिकले ते जळगावच्या हेमलताबाई चौधरींच्या ब्लॉगवरून. महाराजांच्या या बोलण्यावर त्यांचं काय म्हणणं आहे?'

तिनं तो लेख हेमलताबाईंना पाठवला. ज्यांचे ब्लॉग ती रोज वाचायची, ज्यांना मनापासून दाद द्यायची, शंका विचारायची, त्या सगळ्यांनाही पाठवला. कराडच्या, अकोल्याच्या, नाशिकच्या. ओळख जुनीच होती, फक्त तोंडं पाहिलेली नव्हती.

संध्याकाळपर्यंत नुसता भडका! हेमलताबाईंनी आपल्या ब्लॉगवर मथळा दिला, 'कोण हे मार्तंडराव?' कराडकर म्हणाले, खानदेशचं राहू द्या, आमच्या कृष्णाकाठच्या वांग्यांचं काय? अकोल्याहून उत्तर आलं, तुम्ही दोघंही गप्प बसा! भांडता भांडता जो तो 'फोडणी'चा पत्ता देत होता. मावशीनं घाबरून फोन केला, "जुलू, अगं तुझ्या घरात आग लागलीय का?"

"नाही गं मावशी, वांग्याला लागलीय!"

चंपाषष्ठी उजाडली. महाराज फेटा बांधून सज्जात आले आणि तिथेच थबकले. फाटकातून गाड्यांवर गाड्या आत येत होत्या! माणसं उतरत होती, त्यांच्या डोक्यावर वांग्यांच्या टोपल्या होत्या, हातात शेगड्या होत्या. कुणी कॅमेरा लावत होतं, कुणी मिरच्या भाजत होतं. अंगणभर धूर, ठसका आणि वादावादी. हॉल तर असा भरला की इस्त्रीचे कपडे घातलेल्या नोकरांना उभं राहावं लागलं.

"बोलावलंस तू यांना!" महाराज ओरडले.

"कारभारीसाहेब, वाचून बघा. 'या' कुठे आहे?"

बापूसाहेबांनी फोन वर धरला, खाली धरला, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "नाही, सरकार."

"मग पैसे चारले असशील!"

"पैसे?" गर्दीतून हेमलताबाई पदर खोचून पुढे आल्या. "अहो महाराज, पदरच्या पैशानं वांगी घेऊन आलेय मी! आम्ही करतो तो गुन्हा काय? मग आधी हा गुन्हा चाखा!"

महाराजांनी घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग हळूच म्हणाले, "भाकरी आणा."

हॉलमध्ये हशा उसळला. महाराज लालबुंद झाले. "थांबा! तिसरी अट मोडली! खोटं लिहायचं नाही असं बजावलं होतं. हिनं लिहिलंय, खरं भरीत फक्त आमच्याकडेच होतं!"

जुलेखानं हात जोडले. "ते वाक्य आपलं आहे, सरकार. ते खोटं आहे असं आपण सर्वांसमोर सांगा, मी हरले! आत्ता ब्लॉग बंद करते."

महाराजांनी जुलेखाकडे पाहिलं, हेमलताबाईंकडे पाहिलं, बोटाला लागलेल्या भरिताकडे पाहिलं. खरं म्हणावं तर पोर जिंकते, खोटं म्हणावं तर महाराजच खोटे ठरतात!

आणि ते खदाखदा हसू लागले. फेटा तिरका झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसू थांबेना. "बांधलंस की गं मला, माझ्याच शब्दानं!"

त्यांनी आपला जरीचा शेला जुलेखाच्या खांद्यावर घातला आणि सत्काराला पहिलं नाव तिचं पुकारलं. हेमलताबाईंनी तिथल्या तिथे तिला आपल्या ब्लॉगवर दर आठवड्याला लिहायचं आवतण दिलं. कराड आणि अकोलाही मागे हटले नाहीत.

"दर महिन्याला हा हॉल तुम्हा ब्लॉगवाल्यांचा!" महाराज म्हणाले. मग खाली वाकून तिच्या कानात पुटपुटले, "पुढच्या महिन्यात मी कशाबद्दल बोलू?"

"पुरणपोळीबद्दल, सरकार," जुलेखा म्हणाली. "आणि जरा मोठ्यानं!"